जपानीत ‘मी’ कसं म्हणायचं: आधी गाळायला शिका, मग शब्द निवडा

जपानी शिकायला लागलेले बरेच जण पहिल्या काही आठवड्यांतच ‘मी’साठीच्या शब्दांची यादी जमवतात. वाताशी, वाताकुशी, बोकू, ओरे, आताशी. मग त्यातला एक आवडतो, ॲनिमेतल्या एखाद्या पात्रामुळे बहुधा ‘ओरे’, आणि तो प्रत्येक वाक्याच्या तोंडाशी येऊन बसतो. इथे एकदम दोन गोष्टी बिघडतात: शब्द त्या जागी शोभत नाही, आणि बहुतेक वाक्यांत त्याची गरजच नसते.

ही चूक फार दिवस टिकते, कारण ती कुणी दाखवत नाही. जपानी माणूस समोरच्याला सहसा तोंडावर सुधारत नाही; ‘निहोंगो जोझु देस् ने’ (जपानी छान बोलता हो) म्हणून कौतुक करतो आणि पुढे जातो. जेएलपीटी या जपानीच्या प्रमाणपत्र परीक्षेत तोंडी परीक्षाच नाही. त्यामुळे तिची एन-३ ही मधली पातळी पास झालेला मुलगाही मुलाखतीत ‘ओरे वा’ म्हणून सुरुवात करू शकतो.

मराठी माणसाची यात एक वेगळीच अडचण होते. आपल्याकडे ‘मी’ हा शब्द बोलणाऱ्याबद्दल काहीच सांगत नाही; ‘जातो’ की ‘जाते’ हे क्रियापद सांगतं. जपानीत ‘इकिमास्’ पुरुषाच्या, बाईच्या, कुणाच्याही तोंडी तसंच राहतं. मी, तू, ती यांनीही ते बदलत नाही. बोलणारा कोण आहे आणि समोरच्याशी किती जवळचा आहे, याची खूण ‘मी’साठी निवडलेल्या शब्दावर आणि वाक्याच्या शेपटीवर उमटते. आपण मात्र क्रियापद नीट घोकतो आणि ‘मी’ सहज फेकून देतो.

खालच्या पायऱ्या दिलेल्या क्रमानेच घ्या. चौथ्या पायरीवर आधी उडी मारली की पहिली कधीच होत नाही.

## तयारी

देस् आणि मास् ही सभ्य रूपं तोंडात बसलेली हवीत. वा, गा, मो, नो हे चार प्रत्यय ओळखता यायला हवेत. तिसरी गोष्ट कागदावर करायची: तुम्ही जपानीत प्रत्यक्ष कुणाशी बोलता किंवा लवकरच बोलणार आहात, त्यांची नावं लिहा. शिक्षिका, कंपनीतले वरिष्ठ, ऑनलाइन भेटणारा सराव-जोडीदार, घरमालक. बहुतेकांच्या यादीत एकही जिवलग जपानी मित्र नसतो. तसं असेल तर ‘ओरे’चा प्रश्न तूर्त मिटलाच.

उच्चाराबद्दल थोडं. मराठी लेखनाच्या सवयीने इथे ‘वाताशी’, ‘बोकू’ असं दीर्घ लिहिलं आहे, पण उच्चारताना शेवटचा स्वर आखूडच ठेवा. वा-ता-शी हे तिन्ही तुकडे सारख्या लांबीचे. ‘ता’वर जोर देऊ नका. टोकियोच्या उच्चारात ‘बोकू’ वरून सुरू होऊन खाली येतो, ‘ओरे’ खालून वर जातो.

## पायरी १: ‘मी’ गाळा

नवशिक्याची स्वतःची ओळख साधारण अशी असते:

‘वाताशी वा पाटील देस्. वाताशी वा इंदो-जिन देस्. वाताशी वा पुने नि सुन्दे इमास्. वाताशी वा कुरिकेत्तो गा सुकी देस्.’

व्याकरणात चूक नाही. तरीही ऐकणाऱ्याला हे ‘मी, मी, मी’ असं लागतं. आपण तरी मराठीत असं कुठे बोलतो? ‘उद्या येते’, ‘जेवलो’, ‘पुण्यात राहतो’ हेच म्हणतो. ही सवय मराठीत अंगात असते, पण पाठ्यपुस्तकातली वाक्यं घोकताना ती बाजूला पडते. ती परत आणायची:

‘हाजिमेमाश्ते. पाटील देस्. इंदो नो पुने कारा किमाश्ता. कुरिकेत्तो गा सुकी देस्. योरोश्कु ओनेगाइ शिमास्.’

यात ‘मी’ एकदाही नाही, आणि कुणाबद्दल बोलणं चाललंय याची शंकाही येत नाही.

मराठीत क्रियापदाचा शेवट ‘मी’ची उणीव भरून काढतो. जपानीत तसा शेवट नाही, मग कळतं कसं? तीन गोष्टींवरून.

पहिली: साधं विधान कर्त्याशिवाय केलं आणि आधी दुसऱ्या कुणाचा विषय चाललेला नसला, तर ते बोलणाऱ्याबद्दल असतं. प्रश्न केला की तो ऐकणाऱ्याबद्दल होतो. ‘इकिमास्’ म्हणजे जातो किंवा जाते, ‘इकिमास् का’ म्हणजे जाणार का तुम्ही.

दुसरी: मनातलं सांगणारे शब्द. ‘इकिताइ देस्’ (जायचं आहे), ‘उरेशी देस्’ (आनंद झाला) ही वाक्यं विधान म्हणून आपोआप बोलणाऱ्याचीच ठरतात, कारण दुसऱ्याच्या मनातलं आपण इतक्या खात्रीने सांगू शकत नाही, असा या भाषेचा हिशेब आहे. तानाकांना जायचं आहे असं दिसत असेल तर रूपच बदलतं: ‘तानाका-सान वा इकितागात्ते इमास्’.

तिसरी: देण्या-घेण्याची क्रियापदं. ‘तानाका-सान गा होन ओ काश्ते कुरेमाश्ता’ म्हणजे तानाकांनी मला पुस्तक वाचायला दिलं. यातला ‘मला’ हा ‘कुरेरु’ या क्रियापदातच आहे. ते नेहमी बोलणाऱ्याच्या किंवा त्याच्या माणसांच्या दिशेने येतं. वर आणखी ‘वाताशी नि’ जोडायची गरज उरत नाही. ‘आगेरु’ उलट्या दिशेने, आपल्याकडून बाहेर जातं. ही जोडी पक्की झाल्याशिवाय ‘मी’ गाळण्याचा धीर येत नाही, म्हणून तिच्यावर वेळ घालवा.

तपासा: दिवसाबद्दल दहा वाक्यं लिहा. प्रत्येक ‘वाताशी’वर बोट ठेवून वाक्य वाचा. अर्थ तसाच राहिला तर शब्द खोडा. दोनपेक्षा जास्त उरले तर बहुधा तुम्ही हात राखून खोडताय.

## पायरी २: उरलेल्या जागी फक्त ‘वाताशी’

तुलना असेल तेव्हा ‘मी’ लागतो: ‘तानाका-सान वा कोही, वाताशी वा ओच्या देस्’. ‘मीसुद्धा’ म्हणताना लागतो: ‘वाताशी मो इकिमास्’. मालकी सांगताना लागतो: ‘वाताशी नो देस्’. आणि ‘हे कोण करेल?’ असं विचारल्यावर पुढे यायचं असेल तेव्हा: ‘वाताशी गा शिमास्’, मी करते.

या सगळ्या जागी पहिले कित्येक महिने एकच शब्द वापरा, वाताशी. सभ्य बोलण्यात तो स्त्री-पुरुष दोघांचा आहे. पुण्यातली विद्यार्थिनी, बंगळुरूतला इंजिनिअर, साठीचे गृहस्थ, कुणीही शिक्षकांशी, अनोळखी माणसाशी, ऑफिसात तो वापरला तर कुणाच्या भुवया उंचावत नाहीत. ‘वाताशी बायकी आहे’ असं मुलं एकमेकांना सांगतात, ते अर्धंच खरं आहे. देस्-मास् सोडून मित्रांमध्ये अघळपघळ बोलताना पुरुषाच्या तोंडी ‘वाताशी’ आला तर तो मऊ किंवा परका वाटू शकतो. पण अशी मैत्री जमेपर्यंत हा प्रश्न तुमच्यापर्यंत पोचतच नाही.

इशारा: गरज नसताना ‘वाताशी वा’ लावू नका. सगळ्यांना सूचना दिल्यावर ‘वाकारिमाश्ता’ (कळलं) म्हणणं पुरे. ‘वाताशी वा वाकारिमाश्ता’ म्हटलंत तर ‘मला तरी कळलं, बाकीच्यांचं माहीत नाही’ असा वास येतो. नको तिथे टाकलेला ‘मी’ नुसता जादा होत नाही, अर्थही वाकवतो.

## पायरी ३: नाव सांगा, पण स्वतःला ‘सान’ लावू नका

ओळख करून देताना, फोनवर, काउंटरवर ‘मी’ऐवजी नाव चालतं. ‘जोशी देस्’, थोडं अदबीने ‘जोशी तो मोशिमास्’.

इथे आपल्याकडच्या सवयी आड येतात. ‘मी जोशी सर बोलतोय’ हे मराठीत सर्रास ऐकू येतं, त्याच चालीवर ‘जोशी-सान देस्’ म्हटलं जातं. ते अजिबात चालत नाही. ‘सान’ हा दुसऱ्याला द्यायचा मान आहे. स्वतःच्या बायकोचा, भावाचा, बाहेरच्या लोकांशी बोलताना स्वतःच्या कंपनीतल्या साहेबांचा उल्लेखही ‘सान’ न लावता करायचा असतो. हे शेवटचं आपल्याला पचायला जड जातं, पण तिथे तोच शिष्टाचार आहे.

फोनवर नुसतं ‘वाताशी देस्’ म्हणजे ‘मी बोलतोय’ हे घरच्यांपुरतं ठेवा. वृद्धांना फोन करून ‘ओरे, ओरे’ म्हणजे ‘अहो मी, मीच’ असं म्हणत मुलगा किंवा नातू असल्याचं भासवून पैसे उकळण्याचा प्रकार जपानमध्ये इतका बोकाळला की त्याला ‘ओरे-ओरे सागी’ असंच नाव पडलं. सागी म्हणजे फसवणूक. फोनवर आधी नाव, मग काम.

स्वतःचं नाव ‘मी’ म्हणून वापरणं, ‘स्नेहा वा इकु’ असं, लहान मुलांना आणि लाडात बोलणाऱ्या मुलींना शोभतं. मोठ्या माणसाने केलं तर पोरकट वाटतं. आईने मुलाशी बोलताना ‘ओकाआसान वा’ म्हणणं किंवा शिक्षकाने वर्गात ‘सेन्सेइ वा’ म्हणणं वेगळं. ते आपल्या ‘आई सांगते ना’सारखंच आहे आणि पूर्ण सहज आहे.

## पायरी ४: बाकीचे शब्द ओळखा, वापरू नका

या पायरीवर फक्त कान तयार करायचा आहे. ऐकलेला शब्द, कुणी म्हटला, कुणाला म्हटला, असं वहीत लिहीत जा.

बोकू. मुलगे आणि पुरुष वापरतात. यात उद्धटपणा नाही, थोडा कोवळेपणा मात्र आहे. देस्-मास् बरोबर छान बसतो, म्हणून तरुण पुरुष ओळखीच्या वरिष्ठांशीही ‘बोकू’ म्हणतात. औपचारिक प्रसंगी तो टाळला जातो. १९५२ साली जपानच्या राष्ट्रीय भाषा परिषदेने आदरार्थी भाषेबद्दल ज्या सूचना दिल्या, त्यांत वाताशी हे प्रमाण रूप मानलं होतं आणि ‘बोकू’ हा विद्यार्थी मुलग्यांचा शब्द असून नोकरीला लागल्यावर त्यांनी ‘वाताशी’ म्हणावं, अशी शिकवण देण्यास सांगितलं होतं. प्रत्यक्षात मोठी माणसं आजही ‘बोकू’ म्हणतात, पण मुलाखतीच्या खोलीत ती जुनी सूचना अजून जिवंत आहे. गाण्यांमध्ये गायिकाही ‘बोकू’ म्हणताना ऐकाल, आणि काही मुली व स्त्रिया बोलण्यातही जाणून-बुजून तो निवडतात. निवडायला हरकत नाही; लोकांच्या ते लक्षात येईल एवढं धरून चाला. आणखी एक गंमत: अनोळखी बाई छोट्या मुलाला ‘बोकू, इकुत्सु?’ विचारते, म्हणजे ‘बाळ, किती वर्षांचा तू?’ तिथे ‘बोकू’ म्हणजे ‘तू’.

ओरे. पुरुषी, रांगडा, जवळिकीचा. शाळकरी मुलांपासून आजोबांपर्यंत असंख्य पुरुष मित्रांत आणि घरात हाच वापरतात, म्हणून तो ‘वाईट’ शब्द नाही. जवळीक नसताना वापरला की मात्र छाती पुढे काढल्यासारखा लागतो. परक्या माणसाने पहिल्याच भेटीत ‘ओरे’ म्हणणं म्हणजे न विचारता अरे-तुरेवर येणं. तोहोकु या ईशान्य भागात म्हाताऱ्या बायकांच्या तोंडीही तो सापडतो. ती तिथली बोली आहे, तिच्यावरून टोकियोचे नियम काढू नका.

आताशी. ‘वाताशी’चं ढिलं रूप, मुख्यतः बायकांच्या मोकळ्या बोलण्यात. औपचारिक लेखनात येत नाही. शिकणाऱ्या मुलीचं ‘वाताशी’वर सगळीकडे निभावतं, त्यामुळे हा मुद्दाम शिकायची गरज नाही.

उची. मूळ अर्थ आतली बाजू, घर. कान्साइकडे (ओसाका-क्योतो भागात) बायका ‘मी’ म्हणून वापरतात आणि इतरत्र तरुण मुलींमध्येही तो पसरला आहे. पण ‘उची नो काइशा’ म्हणजे ‘आमची कंपनी’, आणि हे पुरुषही बेधडक म्हणतात. दोन्ही वापर वेगळे ठेवा.

जिबुन. ‘स्वतः’. खेळांच्या संघांत आणि सैन्यात पुरुष ‘मी’ म्हणून वापरतात. स्त्री-पुरुष अशी खूण नको असलेले काही जणही याकडे वळतात. ओसाकाकडे मात्र ‘जिबुन’ म्हणजे चक्क ‘तू’ असू शकतो.

वाशी, वागाहाइ, सेश्शा. पडद्यावरचे म्हातारे, मिशीवाले सरदार आणि सामुराई. पश्चिम जपानच्या काही बोलींत ‘वाशी’ खरोखर ऐकू येतो, पण ॲनिमेतला ‘वाशी’ हा ‘हे पात्र म्हातारं आहे’ असं सांगणारा मुखवटा आहे. भाषाशास्त्रज्ञ सातोशी किन्सुई यांनी अशा भाषेला ‘याकुवारिगो’, म्हणजे भूमिकेची भाषा, असं नाव दिलं. ॲनिमेतून ‘मी’ शिकणाऱ्याने हे नाव लक्षात ठेवावं.

वाताकुशी. ‘वाताशी’ची पूर्ण पोशाखातली आवृत्ती. भाषणं, मुलाखती, ग्राहकाशी बोलणं. स्त्री-पुरुष दोघेही वापरतात.

## पायरी ५: शब्द आणि वाक्याचा शेवट जुळवा

‘ओरे वा पाटील तो मोशिमास्’ हे वाक्य बनियनवर टाय बांधल्यासारखं आहे. पुढे ‘ओरे’, मागे नम्र ‘मोशिमास्’. जोड्या साधारण अशा बसतात:

- वाताकुशी: मोशिमास्, गोझाइमास्, इताशिमास्
- वाताशी: देस्, मास् (बायकांसाठी घरगुती रूपंही)
- बोकू: देस्-मास् किंवा घरगुती रूपं
- ओरे: घरगुती रूपं, ‘इकु’, ‘दा यो’

खेळाच्या संघात धाकटा खेळाडू थोरल्याला ‘ओरे’ म्हणून पुढे देस्-मास् लावताना दिसेल. ते त्यांच्यातलं आहे, नक्कल करू नका.

शेवटी लागणाऱ्या ‘झो’, ‘झे’ यांना पुरुषी छटा आहे, ‘काशिरा’ला बायकी. तुमची शिक्षिका किंवा सराव-जोडीदार बाई असेल आणि तुम्ही पुरुष असाल, तर तिची शेपटी नकळत तुमच्या तोंडी बसते, उलटही होतं. ऐकण्यासाठी आपल्यासारखं, आपल्या वयाचं एक माणूस मुद्दाम शोधा.

तपासा: स्वतःचं दोन मिनिटांचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करा आणि फक्त दोन गोष्टी ऐका: ‘मी’ कोणता, आणि वाक्य कशाने संपलं. मधलं व्याकरण आज सोडून द्या.

## पायरी ६: ‘आम्ही’ आणि ‘आपण’

मराठीत ऐकणाऱ्याला धरून ‘आपण’, वगळून ‘आम्ही’. ‘वाताशीताची’मध्ये हा भेद नाही, दोन्हींसाठी तोच. ग्राहकाशी बोलताना यातून घोळ होतो: तुम्हाला ‘आम्ही पाठवू’ म्हणायचं असतं, त्याला ‘आपण मिळून पाठवू’ ऐकू येऊ शकतं. अशा वेळी ‘वाताकुशी-दोमो’ वापरा. ‘दोमो’ नम्र आहे आणि त्यात ऐकणारा येत नाही, म्हणजे हुबेहूब ‘आम्ही’. कंपनीबद्दल बोलताना स्वतःची ती ‘हेइशा’, समोरच्यांची बोलताना ‘ओन्शा’ आणि लिहिताना ‘किशा’.

आपल्याकडे एकटा माणूसही रुबाबात स्वतःला ‘आम्ही’ म्हणतो. तो रुबाब जपानीत न्यायचा नाही.

समोरच्यासाठी ‘आनाता’ हा ‘तुम्ही’ आहे असं समजू नका. नाव माहीत असताना ‘आनाता’ म्हणणं खटकतं, ‘तानाका-सान वा?’ असं नावाने किंवा ‘सेन्सेइ’ (शिक्षक), ‘बुचो’ (विभागप्रमुख) असं पदाने विचारा.

## पायरी ७: लेखन आणि मुलाखत

इथे एक सोय आहे. ‘वाताशी’ आणि ‘वाताकुशी’ कांजीत, म्हणजे चिनी चिन्हांच्या लिपीत, एकाच चिन्हाने लिहिले जातात. २०१० साली जोयो कांजीची, म्हणजे रोजच्या वापराच्या कांजींची, अधिकृत यादी सुधारली तेव्हा त्या चिन्हाचं ‘वाताशी’ हे वाचन तिच्यात आलं; आधी ‘वाताकुशी’च होतं. ‘ओरे’चं चिन्हही त्याच वेळी यादीत आलं. म्हणून ईमेलमध्ये ते एक चिन्ह लिहा, वाचणारा त्याला हवं तसं वाचेल.

मुलाखतीत ‘वाताकुशी’ अडखळत म्हणण्यापेक्षा ‘वाताशी’ सरळ म्हणा. ‘वाताकुशी’ने सुरुवात करून तिसऱ्या वाक्याला ‘बोकू’वर घसरणं यापेक्षा वाईट. घरी सराव करताना नेमकं घाबरवणाऱ्या प्रश्नांवर करा, कारण शब्द घसरतो तो तिथेच.

## पायरी ८: दुसरा शब्द कधी घ्यायचा

स्त्रियांना बहुधा घ्यावाच लागत नाही. पुरुषांनी आधी वही उघडावी: तुमच्या वयाचे, तुमच्यासारख्या जागी असलेले पुरुष तुमच्याशी बोलताना काय म्हणतात? ‘बोकू’ म्हणत असतील तर ‘बोकू’ घ्या, त्यात धोका कमी आहे. ‘ओरे’ सर्वांत शेवटी, आणि समोरचा तुमच्याशी ‘ओरे’वर आल्यावरच. वरिष्ठ तुमच्याशी ‘ओरे’ म्हणाले म्हणून तुम्हीही म्हणायचं असं नाही. ते खाली बोलतायत, तुम्हाला वर बोलायचं आहे.

मित्राने ‘तामेगुची दे ई यो’, म्हणजे ‘अरे-तुरेत बोल की’ म्हटलं, तर त्या संध्याकाळी फक्त देस्-मास् सोडा आणि ‘मी’ गाळत राहा. पहिली पायरी इथे फार उपयोगी पडते. शब्द काही भेटींनंतर बदलला तरी चालतो. तोच मित्र दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या मीटिंगमध्ये समोर असला, तर तिथे दोघांसाठीही पुन्हा ‘वाताशी’ आणि देस्-मास्.